महामंत्राचें मोल



गेल्या पावसाळ्यांत एके शनिवारीं साताऱ्यास झड लागली होती, आणि शाळेच्या व्हरांड्यांत पांच मुलें कल्पित कथेचा एक खेळ खेळत बसलीं होतीं. अमेरिकेंत १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नांवानें हा प्रसिद्ध केला. यांत एक जण सूत्रधार होऊन कथा चालवितो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी धनुर्धर होतात, आणि कठीण प्रसंगीं फांसे टाकून यशापयश ठरतें. त्या दिवशीं जादूगार झालेल्या मुलानें एक महामंत्र उच्चारला, आणि शत्रूचा सगळा किल्ला क्षणांत नाहींसा झाला. सर्वांनीं टाळ्या वाजविल्या. धनुर्धर झालेल्या मुलानें मात्र हातांतला फांसा खालीं ठेविला व तो मला म्हणाला, "सर, मग माझें काम काय?"

सोमवारीं सूत्रधारानें तो मंत्रच बंद करून टाकिला. माझ्या मतें हाहि उपाय चुकला. ज्यानें अनेक महिने खेळून मंत्र मिळविला, त्याच्यावर हा अन्याय. शिवाय अद्भुत गेलें कीं या खेळांत उरतें काय? मंत्र मोठा असावा. पण त्याचें मोलहि तितकेंच मोठें असावें, आणि तें आधींपासून सर्वांस ठाऊक असावें.

महाभारतकारास हें पक्कें कळलें होतें. इंद्रानें कवचकुंडलांच्या बदल्यांत कर्णास दिलेली शक्ति अमोघ खरी, परंतु एकदांच चालणारी. कर्णानें ती अर्जुनासाठीं राखिली होती. रात्रीच्या युद्धांत घटोत्कचानें कौरवसैन्याची दाणादाण उडविली, तेव्हां ती त्याच्यावर सोडावी लागली, आणि अर्जुन वांचला. ती शक्ति दुर्बळ असती तर कथा फिकी पडती; वारंवार चालती तर कथाच संपती.

अमेरिकन खेळाच्या २०१४ सालच्या नियमांतहि हाच विचार आहे. 'विश' नामक श्रेष्ठ मंत्रानें दुसऱ्या लहान मंत्राची नक्कल केली तर बिघडत नाहीं. त्यापलीकडे मनमानी इच्छा मागितली, तर जादूगार क्षीण होतो, आणि तो मंत्र त्यास पुन्हां कधींहि न साधण्याचा संभव शेंकडा ३३ असतो.

आपल्या शेजारच्या सांगलींत नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१ पासून आहे. तेथील मुलांस हें वजिरावरून उमगेल. तो सर्वांत बलवान, म्हणून कोणी त्यास पटावरून काढीत नाहीं. पण तो गेला तर डाव बहुधा हातचा जातो, म्हणून खेळाडू त्यास जपतो, आणि उंट, घोडे, प्यादीं यांस काम उरतें. जुन्या देशी पद्धतींत तर शेवटच्या घरीं पोहोंचलेलें प्यादें हवें तें होऊं शकत नसे. ज्या मोहऱ्याचें तें घर, त्याचेंच पद त्यास मिळे.

पालकांनींहि हा खेळ केवळ वेळेचा अपव्यय मानूं नये. बळ कोणाच्या हातीं द्यावें व त्यास लगाम कसा घालावा, हें मुलें येथें आपापसांत ठरवितात.

मीं सूत्रधारास एवढेंच सुचविलें: मंत्र पुरा होण्यास कांहीं पाळ्या लागाव्यात, आणि तोंवर जादूगाराचें रक्षण सोबत्यांनीं करावें. पुढच्या शनिवारीं मुलांनीं तसें केलें. मंत्र अर्धा झाला असतां शत्रु दाराशीं आला. धनुर्धरानें फांसा टाकिला, नेम चुकला. त्यानें पुन्हां टाकिला, आणि चौघेंहि पटावर ओणवीं झालीं. किल्ला त्या दिवशीं पडला कीं नाहीं, हें मी विसरलों. पण तो प्रश्न त्या मुलानें मला पुन्हां विचारिला नाहीं.