सैन्य आहे, पण म्हणायचे नाही!

जुलै २०१६मध्ये दक्षिण सुदानची राजधानी जुबा चार दिवस पेटली होती. राष्ट्राध्यक्षांचे सैन्य आणि उपराष्ट्राध्यक्षांचे समर्थक एकमेकांवर तुटून पडले. रणगाडे आले, हेलिकॉप्टरे घोंगावली, शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेतील दोन चिनी सैनिकही मारले गेले. त्याच शहरात रस्तेबांधणीसाठी गेलेल्या जपानी तुकडीचा तळ होता. तुकडीच्या दैनंदिनीत नोंद झाली : ‘लढाई’. सैनिकाने जे पाहिले तेच लिहिले. मात्र तो एक शब्द टोकियोच्या घशाखाली उतरला नाही.

ही दैनंदिनी माहितीच्या हक्काखाली मागितली गेली, तेव्हा ‘ती नष्ट केली आहे’ असे उत्तर संरक्षण मंत्रालयाने दिले. फेब्रुवारी २०१७मध्ये तीच दैनंदिनी सापडल्याचे मान्य करावे लागले. ‘लढाई’ म्हटले तर घटनेच्या नवव्या कलमाचा प्रश्न उभा राहतो, म्हणून ‘सशस्त्र संघर्ष’ म्हणायचे, असा खुलासा संरक्षणमंत्री तोमोमी इनादा यांनी संसदेत केला. जुलैमध्ये त्यांना पद सोडावे लागले. इनादा काही शांततावाद्यांच्या गोटातल्या नव्हत्या. प्रखर राष्ट्रवादी म्हणूनच त्यांची ख्याती होती. अशा मंत्र्यावरही शब्दांचा आडोसा शोधण्याची पाळी यावी, याचा अर्थ रोग व्यक्तीहून खोल आहे.

त्याचे मूळ १९४७ सालात आहे. पराभूत जपानवर अमेरिकी सेनेचा अंमल असताना राज्यघटना लागू झाली. नवव्या कलमाने युद्धाचा कायमचा त्याग केला आणि भूदल, नौदल, वायुदल बाळगणार नाही असे लिहून दिले. पण १९५०मध्ये कोरियात युद्ध भडकले आणि त्याच अमेरिकेला जपानच्या हाती शस्त्र हवेसे वाटू लागले. आधी ‘राखीव पोलीस दल’ उभे राहिले, १९५४मध्ये त्याचे ‘स्वसंरक्षण दल’ झाले. रणगाडे आले, युद्धनौका आल्या, विमाने आली. आले नाही ते फक्त ‘सैन्य’ हे नाव!

१९९१च्या आखाती युद्धात जपानने तेरा अब्ज डॉलर मोजले. मुक्त झालेल्या कुवेतने अमेरिकी वृत्तपत्रांत मित्रदेशांचे जाहीर आभार मानले. त्या यादीत जपान नव्हता. हा अपमान जिव्हारी लागला. जून १९९२मध्ये शांतिसेना सहकार्य कायदा संमत झाला आणि त्याच वर्षी सुमारे ६०० जणांची अभियंता तुकडी कंबोडियात दाखल झाली. कायद्यातली मेख मात्र पाहण्यासारखी होती. अधिकाऱ्याच्या हुकुमाने गोळी झाडली तर तो ‘बलप्रयोग’ ठरेल, या भयाने प्रत्येक सैनिकाने ती स्वतःच्या निर्णयाने झाडायची असे ठरले. हुकुमाविना चालणारी फौज जगात कोणी पाहिली आहे काय? ही विसंगती दूर व्हायला १९९८ साल उजाडले.

यावर शांततावाद्यांचे उत्तर ठरलेले आहे : या मोहिमांत जपानी सैनिकाने कोणाला मारले नाही, लढाईत एकही सैनिक गमावला नाही, हे नवव्या कलमाचेच पुण्य! हा युक्तिवाद सरसकट झिडकारण्याजोगा नाही. चीन, कोरिया आणि आग्नेय आशियाने जपानी सैन्याचे अत्याचार भोगले आहेत, आणि तो इतिहास विसरा असे कोणी म्हणू नये. परंतु या पुण्याचा खर्च कोणी केला? २००४ ते २००६ या काळात इराकमधील समावा येथे जपानी तुकडी पाणी शुद्ध करीत होती, शाळा दुरुस्त करीत होती. ती मोहीम राष्ट्रसंघाची नव्हती, तरी पेच तोच होता. परिसराच्या सुरक्षेचा भार आधी डच आणि नंतर ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन सैनिकांवर होता. आपले हात स्वच्छ राहावेत म्हणून दुसऱ्याच्या मुलाला पहाऱ्यावर उभे करणे, याला अहिंसा म्हणत नाहीत.

दक्षिण सुदानच्या त्याच मोहिमेत भारतीय जवानही होते. एप्रिल २०१३मध्ये जोंगलेई प्रांतात पाच जवानांना वीरमरण आले. डिसेंबरमध्ये अकोबोच्या तळावर आणखी दोघांना. ते कशात पडले हे सांगण्यासाठी दिल्लीला शब्दकोश चाळावा लागला नाही.

सत्ताधाऱ्यांचा अपराध याहून मोठा आहे. २०१५मध्ये त्यांनी नवे सुरक्षा कायदे केले, पण घटनेला हात लावण्याचे धैर्य केले नाही. नोव्हेंबर २०१६मध्ये, जुबातील लढाईची नोंद दडलेली असतानाच, पुढच्या तुकडीवर हल्ल्यात सापडलेल्यांच्या सुटकेसाठी धावून जाण्याची कामगिरी सोपवली. ज्या जनतेची मुले तिथे जाणार होती, तिलाच तेथील वास्तव सांगितले गेले नाही. मे २०१७मध्ये तुकडी परतली आणि त्यानंतर राष्ट्रसंघाच्या मोहिमेवर जपानची तुकडी गेलेली नाही. जातात ते मोजके अधिकारी.

घटनादुरुस्तीचा मार्ग बंद नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत आणि नंतर जनमताचा कौल, इतके पुरे आहे. १९४७पासून त्या घटनेतला एक शब्दही बदललेला नाही. जनतेने होकार दिला तर सैनिकाला सैनिक म्हणून, स्पष्ट हुकुमासह पाठवावे. नकार दिला तर त्याला घरीच ठेवावे. दोन्ही निर्णय सन्मानाचे आहेत. रणांगणात पाठवून रणांगण हा शब्द मात्र उच्चारू न देणे, हा सैनिकाचाही द्रोह आहे आणि सत्याचाही.