जीपची उंची आणि सासूबाईंचा गुडघा

कर्वेनगरात चढण्यासारखी जागा म्हणजे वनदेवीची टेकडी. तिच्यावर पहाटे साडेपाचला पेन्शनर मंडळी कानटोप्या घालून चढतात आणि सातच्या सुमारास उतरून चहा पितात. आजवर यांपैकी कुणालाही फोर व्हील ड्राइव्हची गरज भासल्याचं ऐकिवात नाही. तरीसुद्धा आमच्या कॉलनीत सध्या चार जिपा अशा थाटात उभ्या असतात, की बघणाऱ्याला वाटावं, उद्या पहाटे यांना लडाखला निघायचंय. प्रत्यक्षात त्या निघतात वारज्याच्या भाजीबाजाराला. तिथं पोचल्यावर त्यांना जागा मिळत नाही म्हणून मालक कोथिंबीर आणायला उतरतो आणि मालकीणबाई गाडीत बसून मागच्यांच्या शिव्या खातात.

मी हे तटस्थपणे लिहितोय असं समजू नका. त्या चारांतली एक माझी आहे.

माझी जीप जुनी, महिंद्राची, कापडी टपाची. तिसऱ्या मालकाकडून घेतली तेव्हा तिचा रंग हिरवा होता की तिला शेवाळ आलं होतं, यावर घरात दोन पक्ष होते. रोजचं काम बेताचं: बँक, मंडई, गॅसवाला संपावर गेला तर सिलिंडर, आणि दर पंधरा दिवसांनी सासूबाईंना गुडघ्याच्या डॉक्टरांकडे नेणं. चिखल म्हणाल तर वर्षातून दोनदा, वेल्ह्याच्या बाजूला मित्राच्या शेतावर जाताना, तोसुद्धा दोनशे पावलं. बाकी आमचं सगळं ऑफ-रोडिंग कॉलनीतल्या स्पीडब्रेकरवर होतं.

पण आमचा भाचा इंजिनिअरिंगला. त्यानं एका रविवारी माझ्या हातात सात कलमी यादी ठेवली: गाडी उंच करणं, मोठे टायर, लोखंडी बंपर, विंच, टपावर दिव्यांची पट्टी, स्नॉर्केल आणि मोठा भोंगा. "मामा, सगळं बजेटमध्ये. घरच्या घरी. नाना पेठेत जुना माल मिळतो." बजेट या शब्दानं मध्यमवर्गीय माणसाचा घात जितका झालाय तितका व्यसनानं झाला नसेल. दोन लाखांची वस्तू आपण घेत नाही. पण तीच चाळीस हजारांत होते म्हटलं की गरज आपोआप निर्माण होते.

पहिलं कलम उंचीचं. जीपच्या पाट्यांना टोकाशी शॅकल असतात. ते लांब घातले की गाडी वर येते. चार इंच लांबी वाढवली तर गाडी दोन इंच उचलली जाते, कारण पाट्याचं दुसरं टोक जिथल्या तिथंच असतं. स्वस्त काम. भाच्यानं आणि मी दोन जॅक लावून एका दिवसात उरकलं. आठवड्याभरात पुढच्या चाकांचा मूळचा कोन बिघडल्याचं कळलं: स्टिअरिंग सोडलं की गाडी मनाला येईल तिकडे जायला लागली. मग खालून टकटक सुरू झाली. शाफ्ट पूर्वीपेक्षा तिरका झाला आणि त्याच्या क्रॉसवर ताण आला, असं मिस्त्री म्हणाला. मोठे टायर घातल्यावर स्पीडोमीटर खोटं बोलू लागलं. टायरचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला की काटा पन्नासवर असताना गाडी पंचावन्ननं धावत असते. चाक मोठं म्हणून ओढ कमी, ब्रेकवर भार जास्त, ॲव्हरेज खाली. म्हणजे स्वस्तातल्या एका सुधारणेनं आणखी चार दुरुस्त्यांना जेवायला बोलावलं, आणि एकही जण आहेर घेऊन आला नाही.

पण हे सगळं मी सोसलं असतं. भांडण पेटलं ते सासूबाईंच्या गुडघ्यावरून.

वय अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरकडे जायचा दिवस. सासूबाई जीपजवळ आल्या, त्यांनी पायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. एक हात सीटवर, एक माझ्या खांद्यावर टेकवून पाय उचलला, तो अर्ध्यातच राहिला. दुसऱ्यांदा उचलला. तिसऱ्यांदा त्यांनी पाय खाली ठेवला, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "जावईबापू, रिक्षा बोलवा." रिक्षा आली. माझी चार चाकं एकाच वेळी फिरवणारी, कुठंही जाऊ शकणारी गाडी दारात उभी राहिली आणि तीन चाकांची रिक्षा माझ्या सासूबाईंना घेऊन गेली. त्यानंतर चार महिने त्या जीपमध्ये बसल्या नाहीत. नंतरनंतर तर "कशाला रिक्षाला पैसे" म्हणून डॉक्टरांकडे जाणंही टाळू लागल्या.

सासूबाई हिंगण्याच्या शाळेत शिकलेल्या. हिंगणे म्हणजे आजचं आमचं कर्वेनगरच. १९०० साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवाश्रम इथं आणला, आणि फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून ते रोज चालत हिंगण्याला यायचे. तेव्हा इथं रस्ता कसला, पावसाळ्यात नुसता चिखल. या भागातले पहिले ऑफ-रोडर तेच. सासूबाई एका संध्याकाळी भाच्याला म्हणाल्या, "अण्णा रोज चिखलातून यायचे रे. त्यांच्या पायांना कुणी पाटे नव्हते लावले." भाचा गप्प बसला. इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात याला उत्तर नसावं.

आणि जीपचं म्हणाल, तर मुंबईत १९४७ मध्ये महिंद्रांनी विलिस जीपची जुळणी सुरू केल्यापासून तिनं महाराष्ट्र पालथा घातला तो सहा इंच रुंदीच्या टायरांवर. मामलेदार, कुटुंबनियोजनवाले, निवडणुकीतले चौदा कार्यकर्ते आणि त्यांचा एक उमेदवार, सगळे तिनं वाहिले. तिचं टपोरं रूप पाहून कुणाला ती अपुरी वाटली नाही. २०२० साली नवी थार आली आणि जीप बाळगणारे वाढले, तसा जीपला चिलखत घालण्याचा रोगही वाढला.

या चिलखतात मला सर्वांत राग आहे तो पुढच्या लोखंडी गार्डाचा. गाडीचा मूळचा पुढचा भाग आपटल्यावर चेपतो तो कंपनीच्या कंजूषपणामुळे नाही. तो चेपतो तेव्हा आघात गिळतो. त्याच्यापुढे जाड पाइप लावला की तो आघात आतल्या माणसाकडे नाही तर समोरच्या पादचाऱ्याकडे जातो, आणि एअरबॅग असलेल्या गाडीत त्यांचा अंदाजही चुकू शकतो. म्हणून २०१७ च्या डिसेंबरात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना या गार्डांवर कारवाई करायला सांगितलं. कर्व्यांच्या नावाच्या भागात, जिथं सकाळ-संध्याकाळ शाळा-कॉलेजच्या मुलींचे थवे रस्ता ओलांडतात, तिथं कुणापासून रक्षण करायचं असतं या गार्डाला?

दिव्यांच्या पट्टीचं मी स्वतः भोगलं. म्हणजे दुसऱ्यानं भोगलं. राजाराम पुलावर रात्री मी ती लावली. समोरून येणारी स्कूटरवरची बाई डोळ्यांवर हात धरून कठड्याला टेकून थांबली. मी जवळ गेल्यावर ती म्हणाली, "काका, काही दिसत नाही हो." काका! शिवी दिली असती तर पट्टी आणखी महिनाभर टिकली असती. त्याच रात्री काढली.

आणि स्नॉर्केल? २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि आमच्या पलीकडच्या तीरावर एकतानगरीत लोक घरांत अडकले. तिथं माणसं बाहेर काढली ती होड्यांनी. स्नॉर्केल इंजिनला श्वास देतो. वाहत्या पाण्यानं गाडी उचलली तर तिला पोहायला शिकवत नाही.

कायद्याचंही सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं असं कलम आलं, की परवानगी नसलेला फेरफार मालकानं केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफाराला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. भाच्याची यादी सात कलमी. सगळी कलमं त्यात बसली तर पस्तीस हजार. बजेटच्या हिशेबात हा आकडा त्यानं धरला नव्हता.

"मग हौस म्हणून काही आहे की नाही?" असं आमचे शेजारी विचारतात. आहे ना! मीही हौशीच आहे. आजही रविवारी मी जीपखालीच असतो. शॅकल मूळचे घातले, टायर मूळ मापाचे आणले. दिवे मंद होते, त्याला पट्टी नको होती. जुनी बारीक वायर आणि स्विच यांतून जाताना व्होल्टेज गळतं. दहा टक्के गळलं की उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. बॅटरीपासून जाड वायर, मध्ये फ्यूज आणि रिले, खर्च साडेचारशे. त्याच बल्बांनी रस्ता दिसायला लागला आणि समोरच्याचे डोळेही शाबूत राहिले. दारांना नवं बीडिंग लावलं. त्यामुळे पावसात आमच्या हिला मांडीवर प्लॅस्टिक घेऊन बसावं लागत नाही. हवा मोजायचा गेज आणि पायपंप घेतला. मित्राच्या शेताच्या चिखलात टायरची हवा थोडी कमी केली की तेच टायर जमीन पकडतात. डांबरावर येताना पुन्हा भरायची. निम्मी मोठ्या टायरांची कामं या पंपात होतात, फक्त तो टपावर मिरवता येत नाही.

आणि पायरी. जुन्या गेटची पट्टी, खाली घडी होऊन आत जाणारी, गाडीच्या अंगाबाहेर न येणारी. वर धरायला एक दांडा. वेल्डिंगसकट बाराशे रुपये. सासूबाईंनी पहिल्या दिवशी एक पाय ठेवला, दांडा धरला, दुसरा पाय ठेवला आणि बसल्या. डॉक्टरांकडे आम्ही वेळेआधी दहा मिनिटं पोचलो.

परवा त्याच पायरीवर उभ्या राहून त्यांनी खाली बघितलं. म्हणाल्या, "जावईबापू, ही अजून दोन इंच खाली घेता येईल का हो?" भाचा शेजारीच उभा होता. तेव्हापासून तो आमच्याकडे फिरकलेला नाही.