‘जेंकिन्स’ आणि ‘वल्द’ : वडिलांचे नाव ‘मधले’ कसे झाले?

१. समाजमाध्यमांवर दोन समज आलटून पालटून फिरत असतात. पहिला : मराठी माणसाला आडनाव इंग्रजांनी दिले. दुसरा : स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही रचना अनादी काळापासून आहे. दोन्ही समज जुन्या कागदांपुढे टिकत नाहीत. यवतमाळ जिल्ह्यातील मोजकी नावे तेवढे सिद्ध करायला पुरेशी आहेत. #धागा #इतिहास

२. आरंभ एका साहेबापासून करावा लागेल. १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, तेव्हा नागपूरच्या भोसले दरबारात रिचर्ड जेंकिन्स हा कंपनीचा रेसिडेंट होता. ‘जेंकिन’ हे ‘जॉन’चे मध्ययुगीन लाडके रूप. शेवटचा ‘स’ हा षष्ठीचा प्रत्यय. म्हणजे जेंकिन्स, ‘जेंकिनचा’.

३. अशी पितृनामे इंग्रजीत असंख्य आहेत. जॉनचा पुत्र जॉन्सन, रिचर्डचा पुत्र रिचर्डसन. वेल्समध्ये ‘पुत्र’ या अर्थी ‘ॲप’ लावत. ‘ॲप ऱ्हीस’चे प्राइस झाले, ‘ॲप हॉवेल’चे पॉवेल. प्रारंभी ही नावे पिढीगणिक बदलत. जॉन्सनचा मुलगा जॉन्सन असेलच, असे नव्हते.

४. पुढे ती गोठली. वारसाहक्क, करवसुली आणि नोंदवह्या यांना स्थिर नाव हवे होते. १३७७ पासूनच्या डोईपट्टीच्या याद्या आणि १५३८ मध्ये सुरू झालेली चर्चची जन्म-विवाह-मृत्यूची नोंद यांतून हा प्रवास दिसतो. वेल्समध्ये हे गोठणे आणखी उशिरा घडले. परिणामी नागपूरच्या जेंकिन्सचे आडनाव त्याच्या वडिलांविषयी काहीच सांगत नव्हते. ते मृत पितृनाम होते.

५. आता वऱ्हाड. १८०३ च्या देवगावच्या तहानंतर वर्धा नदीच्या पश्चिमेचा हा मुलूख निजामाकडे गेला. १८५३ मध्ये त्याचा कारभार कंपनीच्या हाती आला. देशमुख, देशपांडे, पाटील ही वतनी नावे त्यापूर्वीच शतकानुशतके मोडी कागदांत वावरत होती. तेव्हा ‘आडनाव इंग्रजांची देणगी’ हा दावा येथेच संपतो. इंग्रजी अमलाने केले ते एवढेच : शाळा, न्यायालय आणि महसूल यांच्या रकान्यांत प्रत्येकाकडून आडनावाची अपेक्षा धरली.

६. या जिल्ह्यात आडनावांचे झरे अनेक. हुद्द्यावरून देशमुख, गावावरून ‘कर’ लागलेली नावे, वणी-पांढरकवडा पट्ट्यात तेलुगूतील आदरार्थी ‘वारु’शी नाते सांगणारी ‘वार’ने संपणारी नावे, गोंड समाजातील मडावी, आत्राम ही कुळनामे. यांत वडिलांच्या नावावरून घडलेली आडनावे कमी. वडिलांच्या नावाला स्वतंत्र जागा होती. ते आडनावात कोंडण्याची निकड पडली नाही.

७. ती जागा कोणती? जुन्या मराठी दस्तऐवजांत ‘अमुक वल्द तमुक’ किंवा ‘अमुक बिन तमुक’ असे लिहीत. दोन्ही शब्द अरबीतून आलेले, अर्थ ‘पुत्र’. विवाहित स्त्रीसाठी ‘कोम’ : अमुकीची ओळख ‘तमुकाची पत्नी’. दोन नावांमधले नाते शब्दाने सांगितलेले असे. पुढे तो शब्द गळला, नाव मात्र उरले. आणि इंग्रजी अर्जाने त्या नावाला ‘मिडल नेम’ ठरवले.

८. ही केवळ अनुवादाची चूक नव्हे. इंग्रजीतील मधले नाव हे त्याच व्यक्तीला दिलेले दुसरे नाव असते. फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट यांच्या वडिलांचे नाव डेलानो नव्हते. ते आईचे माहेरचे आडनाव होते. वणीत १८८० मध्ये जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांचे नाव माधव श्रीहरी. त्यातील श्रीहरी हे त्यांचे वडील. ‘एम. एस. अणे’ या आद्याक्षरांत एक अख्खा माणूस ‘एस’ होऊन बसला.

९. पुसद तालुक्यातील गहुलीचे उदाहरण याहून बोलके आहे. नाईक हा बंजारा तांड्याच्या प्रमुखाचा मान. तोच या घराण्याचे आडनाव झाला. या एका घराने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले : वसंतराव फुलसिंग नाईक आणि त्यांचे पुतणे सुधाकरराव राजूसिंग नाईक. ‘नाईक’ घराणे सांगते. पिढी आणि शाखा सांगतात फुलसिंग आणि राजूसिंग. जॉन्सनचा खरा समानार्थी शब्द येथे ‘नाईक’ नसून ‘फुलसिंग’ आहे. आणि तो जिवंत आहे.

१०. ‘सोयीसाठी दोनच नावे पुरेत’ असा युक्तिवाद होतो. ही सोय कोणाची? ज्या गावात निम्मी घरे राठोड किंवा आत्राम आहेत, तेथे सातबाऱ्यावरील दोन सारख्या नावांतला भेद वडिलांच्या नावानेच कळतो. ते गाळले की पुढच्या अभ्यासकाच्या हाती वंशावळीचा तुटलेला धागा येतो.

११. मात्र या परंपरेचा गौरव करणाऱ्यांनी तिची दुसरी बाजू झाकू नये. ‘कोम’ गळल्यावर स्त्रीच्या नावापुढची जागा विवाहापूर्वी वडिलांची आणि विवाहानंतर पतीची झाली. वत्सलाबाई वसंतराव नाईक या नावात वसंतराव पती आहेत, हे रचना सांगत नाही; ते वाचकाला आधीच ठाऊक असावे लागते. आईला तर या रचनेत जागाच नव्हती.

१२. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला : १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बालकांच्या नोंदीत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम. त्यावर ‘ही परंपरेची मोडतोड’ अशी ओरड करणाऱ्यांनी नाशिकच्या लेण्यांपर्यंत जावे. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी : सातवाहन राजांनी आपली ओळख मातेच्या गोत्रनामाने दगडावर कोरली. आडनाव आणि ‘वल्द’ दोन्ही त्या लेखांहून कितीतरी अर्वाचीन.

१३. निष्कर्ष सरळ आहे. नावाची कोणतीही रचना सनातन नसते आणि कोणतीही एका साहेबाने खिशातून काढून दिलेली नसते. मात्र काय टिकवायचे, याची निवड प्रत्येक पिढी करते. इंग्रजांची पितृनामे आडनावे होऊन निर्जीव झाली; मराठी पितृनाम आजही दर पिढीला नव्याने जन्मते. त्याला एका अक्षरावर आणणे म्हणजे जेंकिन्सने दोनशे वर्षांनी मिळवलेला विजय.

१४. म्हणून इतिहास लिहिणाऱ्यांनी निदान पहिल्या उल्लेखात नाव पूर्ण लिहावे. जुन्या कागदात ‘वल्द’ दिसला तर तो ओलांडून पुढे जाऊ नये. पुढच्या माणसाचा बाप तेथेच उभा असतो. आणि आईचे नाव सापडले, तर तेही लिहावे.