सुखाची किमया

मनःशांतीचा बाजार अलीकडे तेजींत आहे आणि त्यांत इस्लामी अध्यात्मालाही एक दुकान मिळालें आहे. मौलाना रूमींचीं म्हणून सांगितलेलीं वचनें भिंतीवरील चित्रांवर आणि भेटकार्डांवर छापतात. तीं वाचून माणसाला घटकाभर बरें वाटतें, आणि यालाच सूफी पंथाचें सार म्हणतात. १९९५ सालीं अमेरिकेंत निघालेल्या कोलमन बार्क्स यांच्या 'द इसेन्शियल रूमी' या संग्रहानें ही रुचि फार वाढविली. फारसी न जाणतां, इतरांच्या भाषांतरांवरून केलेल्या त्या रूपांतरांत कुराणाचे व उपासनेचे संदर्भ पुष्कळ ठिकाणीं गळाले आहेत.

यावर उत्तर मिळतें कीं, फळ गोड लागलें म्हणजे झालें, झाडाची चौकशी कशाला? हें उत्तरच आम्हांस अमान्य आहे, आणि तें कर्मठपणामुळें नव्हे. ज्या सुखाची ग्वाही हे लोक देतात, तें त्या परंपरेंत कोणी कसें मिळविलें हें पाहिलें, म्हणजे ही विक्री किती खोटी आहे तें कळून येतें.

अबू हामिद अल् गझाली (१०५८-११११) यांचें उदाहरण घ्या. १०९१ सालीं ते बगदादच्या निजामिया मदरशांत अध्यापक झाले. मान, धन, शिष्य, कशाचीच वाण नव्हती. परंतु आपण शिकवितों तें ईश्वरासाठीं कीं कीर्तीसाठीं, असा प्रश्न त्यांनीं स्वतःला विचारला आणि उत्तर लाजिरवाणें आलें. १०९५ सालीं त्यांची वाचा बंद पडली, अन्न गिळवेना, वैद्यांनीं हात टेकले. शेवटीं कुटुंबाच्या निर्वाहापुरतें ठेवून त्यांनीं संपत्ति वांटून टाकिली व दमास्कसची वाट धरली. हा सर्व वृत्तांत त्यांनींच आपल्या आत्मकथनांत लिहिला आहे. म्हणजे अध्यात्मानें त्यांना प्रथम दिली ती शांति नव्हे, अस्वस्थता! त्या वेळीं कोणी गोड वचनांनीं त्यांचें समाधान करून त्यांना निजविलें असतें, तर ते बगदादचे यशस्वी अध्यापकच राहिले असते. आम्हां अध्यापकांच्या धंद्यांत अशीं माणसें पुष्कळ सांपडतात.

पुढें त्यांनीं फारसींत 'किमिया-ए-सआदत', म्हणजे 'सुखाची किमया', हा ग्रंथ लिहिला. डोळ्याचें सुख जसें सुंदर रूपांत, तसें अंतःकरणाचें सुख ईश्वराच्या ज्ञानांत, असा त्यांचा सिद्धांत. परंतु तेवढ्यावर ते थांबत नाहींत. आत्मा, ईश्वर, इहलोक आणि परलोक यांच्या ज्ञानानंतर त्याच ग्रंथांत उपासना येते आणि व्यवहारही येतो. व्यापाऱ्यानें महागाईच्या आशेनें धान्य दाबून ठेवूं नये, मापांत मारूं नये, हेंही येतें. सुखाच्या ग्रंथांत तराजूचें काय काम, असें विचारणाराला ही किमया कळलीच नाहीं. किमयागाराचें तांबें मुशींत वितळावें लागतें. वरून नुसता मुलामा दिला तर तें चकाकतें, एवढेंच.

मग दुःखी माणसानें दोन ओळींत विसावा शोधूं नये काय? अवश्य शोधावा. दुखऱ्या जागेवर फुंकर घालण्यांत पाप नाहीं. पण फुंकर औषध म्हणून विकणें ही फसवणूक आहे. आपल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनीं, सूफी पंथ व भागवत धर्म यांच्या सीमेवर उभे राहून, मराठींत अध्यात्माचा ग्रंथ लिहिला. त्याचें नांव त्यांनीं 'योगसंग्राम' ठेविलें. शांतीचें गिऱ्हाईक होऊं पाहणारांनीं निदान त्या नांवांतला दुसरा शब्द विसरूं नये.