आर्नोकाठची छत्री आणि बदलता युरोप

इटलीतील फ्लॉरेन्स शहरी, आर्नो नदीच्या काठी, कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज यांची छत्री उभी आहे. इंग्लंडचा प्रवास आटोपून मायदेशी परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी, ऐन विशीत, त्यांचे तेथे निधन झाले. बहुसंख्य कॅथलिक असलेल्या त्या शहराने नदीकाठी हिंदू रीतीने अग्निसंस्कार करण्यास संमती दिली.

ते वर्षच युरोपातील स्थित्यंतराचे होते. फ्लॉरेन्स तेव्हा नव्या इटलीची राजधानी होती. अवघ्या दहा आठवड्यांपूर्वी, २० सप्टेंबर रोजी, इटलीच्या सैन्याने रोम जिंकले आणि पोप नववे पायस यांची राज्यसत्ता संपुष्टात आली. अनेक भाविकांना तो ख्रिस्तसभेवरील घोर आघात वाटला. परंतु राज्य गेल्याने ख्रिस्तसभेचा आवाज क्षीण झाला नाही. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकाद्वारे श्रमिकांच्या न्याय्य वेतनाचा आणि संघटनेच्या हक्काचा पुरस्कार केला.

पुढे १९०२ साली कोल्हापूरचेच राजर्षी शाहू महाराज युरोपच्या प्रवासास गेले. त्याच वर्षी, २६ जुलै रोजी, त्यांच्या संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश प्रसिद्ध झाला. महाराजांची ती तळमळ येथल्याच मातीतली होती.

८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोप महोदयांनी चौदावे लिओ हे नाव धारण केले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात मानवी श्रमाची प्रतिष्ठा जपण्याची निकड त्यामागे असल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले.

युरोपातील ओस पडलेल्या चर्चविषयी आपल्याकडे वारंवार हळहळ व्यक्त होते. ती समजण्याजोगी आहे. पण तेवढ्यावर थांबणे आम्हांस अपुरे वाटते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती बांधवांना अनुसूचित जातींच्या सवलतींतून वगळले. त्याविरुद्ध न्याय मागणे रास्तच आहे. मात्र आपल्याच घरी सोयरीक जुळवताना, धर्मग्रामात पदे देताना जात पाहिली जात असेल, तर ती मागणी आपण कोणत्या तोंडाने करावी?

काळ बदलला म्हणून श्रद्धा लोप पावत नाही. दुर्बलांचा हात सोडला की ती पोकळ होते. शाहूनगरीतील ख्रिस्ती समाजाने याचा विचार प्रथम आपल्या घरापासून करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.