प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट: कधी घ्यायचं, कोणतं घ्यायचं आणि घेतल्यावर काय?

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जाहीर केलं की त्या आर्थिक वर्षात कंपनी आपली सुमारे दोन टक्के माणसं कमी करणार. आकडा १२ हजारांच्या वर जात होता. कॉलेजच्या ग्रुपांवर लगेच फ्रेशर्सचं काय होणार याची चर्चा सुरू झाली, पण बातमीतली महत्त्वाची ओळ वेगळीच होती. कात्री मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीवर चालणार होती. आयटीत मधली फळी म्हणजे बऱ्याचदा टीम सांभाळणारे, रिपोर्ट बनवणारे, क्लायंट आणि डेव्हलपर यांच्यामध्ये उभे राहणारे लोक.

त्यानंतर माझ्या ओळखीतल्या अनेकांनी एकच प्रश्न विचारला, "पीएमपी करून टाकू का?" मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सहा वर्षं झाली. गेली दोन वर्षं कोडिंगसोबत एका छोट्या टीमचं नियोजनही बघते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याही पुढ्यात आहे. म्हणून नियम नीट वाचले आणि वही घेऊन हिशेब मांडला. निष्कर्ष आधीच सांगते: सर्टिफिकेट नोकरी वाचवत नाही. वेळेवर घेतलं तर एखादं दार उघडतं, वेळेआधी घेतलं तर नुसते पैसे जातात. आणि दार उघडल्यावर आत टिकायचं असेल, तर खरं शिकणं त्यानंतर सुरू होतं.

आधी नावं ओळखून घेऊ

पीएमआय, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, ही १९६९ साली अमेरिकेत सुरू झालेली संस्था. तिचं पीएमपी १९८४ पासून चालू आहे आणि जगभरात १० लाखांहून जास्त लोकांकडे आहे. नवख्यांसाठी त्याच संस्थेचं सीएपीएम आहे.

दुसरी बाजू स्क्रमची. स्क्रम म्हणजे एक महिना किंवा त्याहून लहान टप्प्यांत, म्हणजे स्प्रिंटमध्ये, काम करण्याची पद्धत. त्यात दोन नावं जास्त ऐकू येतात: स्क्रम अलायन्सचं सीएसएम आणि स्क्रम डॉट ऑर्गचं पीएसएम-१. तिसरं नाव प्रिन्स टू. हे ब्रिटिश सरकारच्या कामातून आलेलं आहे, त्यामुळे ब्रिटन किंवा युरोपातल्या क्लायंटच्या प्रोजेक्टवर ते जास्त दिसतं.

"ॲजाइल की जुनी पद्धत" हे भांडण मात्र आता मागे पडलंय. २०२१ मध्ये पीएमपीची परीक्षा बदलली, तेव्हा साधारण निम्मे प्रश्न ॲजाइल किंवा मिश्र पद्धतीवर आले. २०२४ च्या अखेरीस तर ॲजाइल अलायन्स ही संस्थाच पीएमआयमध्ये सामील झाली.

पहिली चाळणी: अनुभव

पीएमपीसाठी चार वर्षांची डिग्री असेल, तर किमान ३६ महिने प्रोजेक्टचं नेतृत्व केल्याचा अनुभव लागतो. डिग्री नसेल तर ६० महिने. शिवाय ३५ तासांचं प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं शिक्षण. म्हणजे शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलाला कुणी क्लासवाला "पीएमपी करून दे, थेट मॅनेजर होशील" असं सांगत असेल, तर तो मुलगा त्या परीक्षेला बसूच शकत नाही.

पण याची दुसरी बाजू बऱ्याच जणांना माहीत नसते. अर्जासाठी तुमच्या व्हिजिटिंग कार्डावर "प्रोजेक्ट मॅनेजर" असं लिहिलेलं असायची गरज नाही. पद कोणतंही असो, काम काय केलंत ते विचारतात. प्रोजेक्टचं उद्दिष्ट काय होतं, तुम्ही काय केलंत, शेवटी काय हाती लागलं, हे प्रत्येक प्रोजेक्टसाठी थोडक्यात लिहावं लागतं.

मी माझ्या दोन वर्षांच्या कामावर हा मजकूर लिहून बघितला. "टीममध्ये होते", "मीटिंग घेतल्या", "फॉलो-अप केला" ही वाक्यं बाजूला काढली, तेव्हा उरलेल्या ओळी मोजक्याच होत्या. पण त्या ओळी भक्कम होत्या. एका रिलीजची तारीख का हलवायची हे मी आकड्यांनिशी मांडलं होतं. एक मॉड्यूल आधी आणि एक नंतर घ्यायचा निर्णय माझा होता. परीक्षा द्या किंवा देऊ नका, हा मजकूर प्रत्येकाने एकदा लिहून बघावा. आपण काम चालवतोय की कामाची फक्त बातमी पुढे पोचवतोय, ते दहा मिनिटांत कळतं.

एका पावतीचं उदाहरण

या परीक्षांत नेमकं शिकवतात काय? एक कल्पित प्रसंग घेऊ. एका बँकेच्या ॲपचं काम अर्ध्यावर आलंय आणि क्लायंट म्हणतो, "व्यवहाराची पीडीएफ पावती मराठीतही द्या ना, छोटंसं तर काम आहे."

जुन्या, आधी सगळा आराखडा ठरवणाऱ्या पद्धतीत लगेच "हो" किंवा "नाही" म्हणायचं नसतं. आधी परिणाम मोजायचा: किती दिवस, किती खर्च, तारखेवर काय फरक. मग बदलाची रीतसर मागणी नोंदवायची, मंजुरी घ्यायची आणि त्यानंतरच आराखड्याला हात लावायचा.

स्क्रममध्ये ही मागणी प्रॉडक्ट ओनरकडे जाते. तो ती प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये टाकतो आणि बाकी कामांच्या तुलनेत तिचा क्रम ठरवतो. चालू स्प्रिंटचं उद्दिष्ट धोक्यात येईल असा बदल मध्येच घुसवत नाहीत.

दोन्हीकडे गाभा एकच आहे: "छोटंसं काम" खरंच छोटं आहे का, हे आधी तपासा. आणि ते छोटं नसतंच. फाँटमध्ये गडबड असेल तर पीडीएफमध्ये जोडाक्षरं फुटतात, "श्री" चे तुकडे होतात, रकमेचे शब्द दोन ओळींत जातात आणि पावतीची रचनाच बिघडते. भाषांतर कोण तपासणार, हा प्रश्न वेगळाच. पद्धत सर्टिफिकेटच्या अभ्यासात मिळते, जोडाक्षरं फुटतात हे मात्र कामातूनच कळतं. दोन्ही एकाच माणसात असतील तर त्याची किंमत वाढते.

सर्टिफिकेट कायमचं नसतं

आता पैशांचा आणि वेळेचा हिशेब. मोबाइलचा रिचार्ज संपतो तशी बरीचशी सर्टिफिकेट्सही संपतात.

पीएमपी तीन वर्षं चालतं. पुढे चालू ठेवायला त्या काळात ६० पीडीयू, म्हणजे साधारण ६० तासांचं शिकणं किंवा योगदान दाखवावं लागतं, वर नूतनीकरणाची फी. सीएपीएमला तीन वर्षांत १५ पीडीयू पुरतात. सीएसएमची मुदत दोन वर्षं, नूतनीकरणाला २० तासांचं शिकणं आणि १०० डॉलर. म्हणजे सीएसएम दहा वर्षं टिकवायचं तर मध्ये चार नूतनीकरणं आली, ४०० डॉलर आणि ८० तास. पीएसएम-१ ची मुदत संपत नाही आणि त्यासाठी क्लासचीही सक्ती नाही. मात्र ६० मिनिटांत ८० प्रश्न आणि पास व्हायला ८५ टक्के, त्यामुळे ते सहज मिळतं असं समजू नका.

पीडीयूची अट ऐकून लोक वैतागतात. पण ६० तास भागिले ३६ महिने करा. महिन्याला १०० मिनिटं येतात. एका मराठी सिनेमापेक्षा कमी वेळ! शिवाय ६० पैकी किमान ३५ तास शिक्षणाचे हवेत आणि त्यात कामाच्या पद्धती, माणसांशी वागण्याची कौशल्यं आणि व्यवसायाची समज या तिन्हींना प्रत्येकी किमान आठ तास द्यावे लागतात. मला ही विभागणी पटते. कारण आपण इंजिनिअर मोकळा वेळ मिळाला की नवीन टूल शिकतो, पण क्लायंटचा पैसा नेमका कुठून येतो हे शिकायला कधीच बसत नाही.

अर्थात पळवाटही आहे. वेबिनार म्यूटवर लावून शेजारच्या खिडकीत दुसरं काम करायचं आणि तास नोंदवायचे. नियम पाळला जातो, डोक्यात काही जात नाही.

मग लोकांची कामं का जातायत?

अमेरिकेतल्या कॅपिटल वन या बँकेने जानेवारी २०२३ मध्ये ॲजाइलची स्वतंत्र पदंच बंद केली. ११०० हून अधिक जागा त्यात गेल्या. बँकेने ॲजाइल पद्धत सोडली नव्हती. तिचं म्हणणं असं की हे काम आता इंजिनिअर आणि प्रॉडक्ट मॅनेजर यांनीच आपल्या कामाचा भाग म्हणून करावं.

माझ्या मते या लेखातली सगळ्यात महत्त्वाची बातमी हीच आहे. तिचा अर्थ दुहेरी आहे. फक्त मीटिंग चालवणाऱ्या माणसाची जागा अरुंद होतेय. त्याच वेळी, कोड समजणाऱ्या माणसाला नियोजन येणं ही वरकड गोष्ट राहिलेली नाही.

एआयने याला वेग दिलाय. मीटिंगचा सारांश, आठवड्याचा स्टेटस रिपोर्ट, टिकिटांचा पहिला मसुदा ही कामं टूल्स आता बऱ्यापैकी करतात. ज्याचा दिवस यातच जात होता, त्याच्या नावापुढे तीन सर्टिफिकेट्स असली तरी प्रश्न उरतोच. उलट "ही तारीख जमणार नाही, पण हे दोन फीचर्स बाजूला ठेवले तर जमेल" असं क्लायंटच्या तोंडावर सांगणं, त्याची जबाबदारी घेणं आणि दोन भांडणाऱ्या टीम्सना एका टेबलावर आणणं, हे अजून माणसाचंच काम आहे.

इंग्रजी आणि वेळ

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. २०२१ च्या आराखड्यात पीएमपीला १८० प्रश्न आणि २३० मिनिटं होती. प्रश्नाला साधारण ७७ सेकंद. बरेच प्रश्न म्हणजे इंग्रजीतला छोटा प्रसंग, आणि शेवटी "आता सर्वांत आधी काय कराल?" चार पर्यायांतले दोन बरोबरच वाटतात. परीक्षा मराठीत नाही. विषय पक्का असूनही वाचनाचा वेग कमी पडला, तर वेळ पुरत नाही. त्यामुळे तयारीत रोज वीस मिनिटं घड्याळ लावून असे प्रसंग वाचणं धरा. हा इंग्रजीचा कमीपणा वगैरे नाही, सरावाचा भाग आहे.

आणि तयारी सुरू करण्याआधी पीएमआयच्या साइटवरचा ताजा आराखडा उघडून बघा. आराखडा दर काही वर्षांनी बदलतो. सीनियरने प्रेमाने दिलेल्या जुन्या नोट्स जुन्या परीक्षेच्या असू शकतात.

शॉर्टकटपासून लांब राहा

"परीक्षा न देता पीएमपी", "१०० टक्के पास" असे मेसेज तुम्हालाही येत असतील. सरळ ब्लॉक करा. पीएमआयची ऑनलाइन नोंदणी यादी आहे, कंपनी त्यात नाव तपासू शकते. अर्जांपैकी काहींची पडताळणीही होते आणि तुम्ही लिहिलेल्या अनुभवाला त्या वेळच्या वरिष्ठांकडून दुजोरा मागतात. खोटा अनुभव लिहिला तर तिथेच अडकाल.

तुम्ही काय करायचं?

कॉलेजात किंवा नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत असाल, तर मोठा खर्च करू नका. स्क्रम गाइड मोफत आहे, २०२० ची आवृत्ती जेमतेम १४ पानांची. ती दोनदा वाचा. स्वयम पोर्टलवर एनपीटीईएलचे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचे कोर्स मोफत बघता येतात, फी लागते ती परीक्षेची. कागद हवाच असेल तर सीएपीएमला अनुभवाची अट नाही, फक्त २३ तासांचं शिक्षण लागतं.

तीन ते पाच वर्षं झाली असतील, तर आजपासून एक साधी शीट ठेवा: महिना, प्रोजेक्ट, मी घेतलेला निर्णय, त्याचा निकाल. ३६ महिन्यांचा अनुभव नंतर आठवून लिहिणं फार अवघड जातं. तुमची टीम स्क्रमने चालत असेल तर पीएसएम-१ किंवा सीएसएमचा विचार करा. आधी मॅनेजरला विचारा, काही कंपन्या फी परत देतात.

आणि ३६ महिने खरोखर भरले असतील, तुम्ही बघताय त्या जॉबच्या जाहिरातींत पीएमपी मागत असतील, तर जरूर करा. एक काम करा: तुम्हाला हव्या असलेल्या वीस जाहिराती वाचा आणि किती ठिकाणी कोणतं सर्टिफिकेट मागितलंय ते मोजा. क्लासच्या जाहिरातीपेक्षा हे उत्तर जास्त खरं असेल.

माझी शीट अजून २४ महिन्यांवर आहे. आणखी एक वर्ष ती भरणार आणि मगच अर्ज करणार. तोपर्यंत महिन्याला १०० मिनिटांचा नियम मात्र मी आत्ताच लावून घेतलाय, कारण त्याला कुणाच्या परवानगीची किंवा डॉलरची गरज पडत नाही.