सिग्नलला गॅस संपत नाही

गाडी धावताना एसी गार हवा देतो आणि सिग्नलला थांबली की दोन मिनिटांत झोत गरम होतो, याचा अर्थ ‘गॅस कमी झालाय, भरून घ्या’ एवढाच, असं एका जाणकारांनी यंदाही उन्हाळ्याच्या तोंडावर ठासून सांगितलं आहे. त्यांच्या शब्दाला वजन आहे, ऐकणारे पुष्कळ आहेत, म्हणूनच गप्प बसवत नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: एसीतला गॅस वापराने संपतो, तेव्हा दर मार्चमध्ये तो थोडा भरून घ्यावा. छोट्या इंजिनाच्या गाडीकडून उभ्या उभ्या गारव्याची अपेक्षाच करू नये. फार उकडलं तर न्यूट्रलला रेस द्यावी. गळती असेल तर गळती बुजवणारं औषध आत सोडावं. पंखा कुरकुर करत असेल तर तो बॅटरीवरून डायरेक्ट करून टाकावा. यातले बाकीचे सल्ले एकेका ओळीत निकालात निघतात. पहिला मात्र निघत नाही, कारण त्याच्यावर अख्खा धंदा उभा आहे.

उभ्या गाडीत गरम हवा येते. दिवा हिरवा होतो, गाडी वेग घेते आणि पुढचा पूल उतरेपर्यंत गार झोत पुन्हा सुरू होतो. गॅस संपला होता, तर तो पुलावर कुणी भरला? एसीच्या तपासाची सुरुवात या प्रश्नापासून व्हायला हवी. गाडी थांबल्यावर दोनच गोष्टी बदलतात. समोरून येणारा वारा बंद होतो आणि इंजिनाचे फेरे मिनिटाला ८००च्या आसपास उतरतात. आतल्या गॅसचं वजन तेवढंच राहतं. मग जे बदललं ते सोडून, जे बदललंच नाही त्याच्यावर पहिला संशय का घ्यायचा?

पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्याही पुढे, कंडेन्सर बसवलेला असतो. केबिनमधली उष्णता गॅसबरोबर तिथे येते आणि बाहेरच्या हवेला दिली जाते. नागपूरच्या मे महिन्यात बाहेरची हवाच ४५ अंशांची असते. तिला उष्णता द्यायची तर गॅस तिच्याहून बराच गरम हवा. समजा ६० अंशांना तो द्रवरूप होतो. आर-१३४ए या गॅसचा दाब त्या तापमानाला सुमारे २३० पीएसआय असतो. कंडेन्सरवरून हवा खेळली नाही की हे तापमान चढत जातं आणि ८० अंशांना तोच दाब ३६०च्या पुढे पोचतो. आणखी वर, बहुतेक गाड्यांत ४०० ते ४५०च्या दरम्यान, प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. कॉम्प्रेसर बंद, ब्लोअर चालू. आत येते ती नुसती गरम हवा. धावत्या गाडीत ही वेळ येत नाही, कारण रस्त्यावरचा वारा पंख्याचं काम करून जातो. उभ्या गाडीत सगळी भिस्त पंख्यावर. आणि जाणकारांना पंखा आठवतो तो सगळ्यात शेवटी, तोही डायरेक्ट करण्यापुरता!

गॅस थोडा कमी असला तरी तक्रार आधी उभ्या गाडीतच जाणवू शकते. हे खरं आहे आणि ते नाकारण्याचं मला कारण नाही. कमी फेऱ्यांवर कॉम्प्रेसर मुळातच कमी गॅस ढकलतो. त्यात गॅसच अपुरा असेल तर कूलिंग कॉइल पुरेशी गार होत नाही. पण गॅस कमी असू शकतो म्हणजे कमी आहेच, असं होत नाही. ते ठरवायला मोजावं लागतं आणि मोजणीलाच फाटा दिला जातो. तपासणी म्हणून जे चालतं ते मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. व्हॉल्व्हचं टोपण काढायचं, पिन दाबायची, फुस्स आवाज ऐकायचा आणि जाहीर करायचं, ‘साहेब, प्रेशरच नाही.’ जरा सुधारलेल्या ठिकाणी लो साइडला एकच गेज लावतात आणि काटा मनासारखा येईपर्यंत डबा उलटा धरून गॅस सोडतात.

या तपासणीला काहीही अर्थ नाही. एसी बंद असताना आत थोडासा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असला तरी दाब फक्त तापमानावर ठरतो. ३५ अंशांना तो ११५ पीएसआयच्या आसपास असतो, मग आत ४०० ग्रॅम गॅस असो की २५०. स्वयंपाकघरातला सिलिंडर भरलेला असो की अर्धा, शेगडीची ज्योत तेवढीच असते. किती उरलाय ते कळायला तो उचलून बघावा लागतो. गाडीचा गॅसही वजनानेच कळतो. म्हणून तर तो किती ग्रॅम भरायचा याचा आकडा बोनेटखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. तो आकडा गाठायचा तर आधीचा सगळा गॅस यंत्राने काढून घ्यावा लागतो, त्याचं वजन करावं लागतं, सिस्टीमला अर्धा तास व्हॅक्यूम द्यावा लागतो आणि मग मोजून भरावं लागतं. ‘थोडा टॉप-अप मारतो’ या वाक्यात यातलं एकही काम येत नाही. आत किती आहे ठाऊक नाही, घालायचं किती ठाऊक नाही, तरी घालायचं आणि त्याचं बिलही करायचं.

बरं, हे निरुपद्रवी असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. ज्या गाडीचा पंखा मेला आहे तिच्यात गॅस वाढवला की जादा द्रव कंडेन्सरमध्येच साचतो. उष्णता टाकायला उरणारी जागा आणखी आक्रसते, दाब आणखी चढतो, कॉम्प्रेसर आणखी लवकर कटऑफ होतो. म्हणजे दुखणं होतं तेच वाढवून दिलं. मग गिऱ्हाईक खूश होऊन कसं जातं? कारण गाडी गॅरेजच्या सावलीत, बोनेट उघडं ठेवून, बहुधा संध्याकाळी तपासून दिलेली असते आणि घरी जाताना ती धावतच जाते. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या उन्हात तोच सिग्नल आणि तोच गरम झोत. आमच्या परिचयातल्या एका टूरिस्ट गाडीच्या चालकाने असे लागोपाठ दोन उन्हाळे पैसे भरले. त्याच्या गाडीला दोन पंखे होते आणि त्यातला एक बंद पडला होता. दुसरा इंजिनापुरती हवा ओढत असल्याने तापमानाचा काटा कायम मधोमध राहायचा, म्हणून पंख्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मागच्या सीटवर त्याची गिऱ्हाइकं घामाने निथळत होती आणि भाडं देताना कुरकुर त्याला ऐकावी लागत होती. हा माणूस गाडीच्या हप्त्यावर जगतो. त्याच्या खिशातून असे पैसे काढणाऱ्याला मी जाणकार म्हणणार नाही.

आणि गॅस ‘वापराने संपतो’ हे तर साफ चूक. तो इंधन नाही. बंद नळ्यांतून तोच तो गॅस फिरतो, जळत नाही, जुना होऊन मवाळही पडत नाही. रबरी होज आणि शाफ्टच्या सीलमधून वर्षानुवर्षं अगदी थोडा झिरपतो, ते वेगळं. दर मार्चला भरावा लागत असेल तर त्याचा अर्थ एकच, गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे तो हवेत सोडण्यासाठी विकत घेणं. हवेत सोडलेला आर-१३४ए शंभर वर्षांच्या हिशेबाने तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट तापवतो. एका छोट्या गाडीचा ४०० ग्रॅम गॅस उडाला तर तो अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. भारताने २०२१ साली किगाली दुरुस्तीला मान्यता दिली आहे आणि २०३२पासून असल्या वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करायचं बंधन पत्करलं आहे. इकडे पिन दाबून फुस्स करणं चालूच आहे.

हा वाद मला नवा नाही. याच मंडळींशी थर्मोस्टॅटवरून मी फार पूर्वी भांडलो आहे. इंजिन तापतंय? थर्मोस्टॅट काढून टाका, असा तेव्हाचा सल्ला होता. इंजिन तापण्याचं कारण कधी चोंदलेला रेडिएटर असायचं, कधी झिजलेला वॉटर पंप, तर कधी हाच पंखा. थर्मोस्टॅट काढल्यावर हिवाळ्यात इंजिन गरमच व्हायचं नाही, इंधन जास्त जायचं, आणि मे महिन्यात तापायचं ते तापायचंच. तेव्हाही मी कारण शोधा म्हणत होतो आणि तेव्हाही उत्तर मिळालं होतं की आम्ही इतकी वर्षं असंच करत आलो. मुंबईच्या दमट हवेत आणि विदर्भाच्या झळांमध्ये गाडी चालवणाऱ्यांची एक पिढी या ‘असंच करत आलो’पायी जास्तीचं इंधन जाळत राहिली. तिथे काढून टाकायचं, इथे भरून टाकायचं. शोधायचं मात्र कुठेच नाही.

आता उरलेले सल्ले. छोट्या गाडीकडून अपेक्षा करू नये म्हणता, तर हीच गाडी नवी असताना याच सिग्नलला, याच मे महिन्यात गार राहत होती, ती कशी? गळती बुजवणारं औषध एक्सपान्शन व्हॉल्व्हचं बारीक भोक बुजवू शकतं आणि गॅस काढून घेणाऱ्या यंत्राचीही वाट लावतं. फ्यूज आणि रिले टाळून पंखा डायरेक्ट करणं म्हणजे वायरिंग जळायला मोकळीक. रेस देण्याने मात्र, उपाय म्हणून नाही पण चाचणी म्हणून, खरंच काही कळतं. विजेवरच्या पंख्याची गाडी उभी ठेवून फेरे १५००पर्यंत नेले आणि झोत गार झाला, तर संशय कॉम्प्रेसरवर, त्याच्या बेल्टवर किंवा गॅसच्या प्रमाणावर. रेस देऊनही फरक पडला नाही आणि गाडी धावल्यावरच गारवा आला, तर हवा खेळत नाहीये. इतका चांगला पुरावा हाती असून जाणकार त्याचा उपयोग पेट्रोल जाळायला करतात.

मग करायचं काय? आधी बोनेट उघडून एसी लावायचा आणि पंख्याकडे बघायचं. हात लांब ठेवून, कारण तो न सांगता सुरू होतो. काही गाड्यांत तो दोन वेगांत फिरतो आणि रेझिस्टर जळाला की त्यातला एक वेग जातो. ब्रश झिजलेली मोटर सकाळी चालते आणि दुपारी तापली की अडकते. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकी टकटक केल्यावर फिरू लागली तर मोटरचे दिवस भरले. नवी मोटर बसवताना वायर उलट जोडली असेल तर पंखा उलटा फिरतो. कागदाचा तुकडा पुढच्या जाळीला धरला तर तो आत ओढला जायला हवा.

पंखा ठीक असेल तर कंडेन्सरवर पाइपने पाणी सोडावं. मिनिटा-दोन मिनिटांत झोत गार झाला, तर दुखणं हवा खेळण्याचंच, हे जवळपास नक्की. मग कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट पाहायची. समोरून स्वच्छ दिसणाऱ्या गाडीतही तिथे धूळ, किडे आणि चिकट मळ यांचा थर बसलेला असतो. जिनिंगच्या हंगामात अकोला-यवतमाळकडे फिरलेल्या गाडीत कापसाचे तंतूही. तो साध्या पाण्याने, मागून पुढे, हलक्या धारेने धुवायचा. प्रेशर वॉशरची धार जवळून मारली तर पातळ पत्रे वाकतात. समोरून ठोकर लागून दुरुस्त झालेली गाडी असेल तर कडेच्या फोमच्या पट्ट्या आणि प्लास्टिकचे पडदे परत बसवलेत का तेही बघावं. ते नसले की उभ्या गाडीत इंजिनाकडची तापलेली हवा फिरून पुन्हा कंडेन्सरसमोर येते आणि चांगला पंखाही तीच तीच हवा ओढत बसतो. हे कारण सगळ्यात जास्त निसटतं.

एवढ्यावर भागलं नाही तर गेज लावायचे, आणि दोन. दोन्ही काटे जास्त, तर हवा खेळत नाही किंवा गॅस जास्त झालाय, क्वचित आत हवा शिरली आहे. दोन्ही कमी, तर गॅस कमी. तेव्हा आधी गळती शोधायची, सांधा किंवा सील बदलायचं आणि मग स्टिकरवरच्या वजनाने भरायचं. लो साइड जास्त आणि हाय साइड कमी, तर कॉम्प्रेसर आतून झिजला आहे. बिलावर हे दोन आकडे आणि भरलेल्या गॅसचे ग्रॅम लिहून मागावेत. जो लिहून देत नाही त्याच्याकडे गॅस भरू नये.

वेळ जातो, गिऱ्हाइकाला घाई असते, अशी सबब यावर पुढे येईल. पंखा बघायला आणि पाणी मारायला चहा येईपर्यंतचा वेळ पुरतो. गॅस काढून, तोलून भरायला तास-दीड तास लागतो खरा, पण त्याची गरज निम्म्या गाड्यांना तरी पडू नये, एवढ्यासाठीच आधीच्या दोन पायऱ्या आहेत. आणि काटे पाहून कॉम्प्रेसरच गेला असं ठरलं, तर तो मोठा खर्च टाळू नये. त्यासोबत ड्रायरही बदलावा आणि जुन्या कॉम्प्रेसरमधून धातूचा चुरा निघाला असेल तर नळ्या आणि कंडेन्सर यांचाही विचार करावा, कारण तो चुरा आत राहिला तर नवा कॉम्प्रेसरही त्यानेच जाईल.